लेझर उपचार आणि मेडिक्लेम: ऑपरेशनची तारीख घेण्याआधी काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

मुतखडा, मूळव्याध, प्रोस्टेट, व्हेरिकोज व्हेन्स, डोळ्याचा पडदा. यांपैकी काहीही निघालं की डॉक्टर म्हणतात "लेझरने करू", आणि घरचे विचारतात, "मेडिक्लेममध्ये बसतं का?" लातूर असो, नांदेड असो की संभाजीनगर, हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कसमोर हा प्रश्न रोजचा आहे. अडचण एवढीच की बहुतेक जण तो ऑपरेशनची तारीख ठरल्यावर विचारतात, काही जण तर बिल हातात आल्यावर. तेव्हा उत्तर "हो" आलं तरी निम्मे कागद चुकीचे होऊन बसलेले असतात.

पॉलिसीत "लेझर" हा शब्द शोधत बसू नका. कंपनी पैसे देते ते आजारावरच्या आवश्यक उपचाराचे. लेझर हे डॉक्टरांच्या हातातलं हत्यार. होल्मियम लेझरचं एकच मशीन मुतखडाही फोडतं आणि वाढलेलं प्रोस्टेटही काढतं, पण पॉलिसीत दोन्हींचे नियम वेगळे असतात. त्यामुळे सगळी तयारी आजाराच्या नावाने करायची, मशीनच्या नावाने नाही.

## टप्पा १: आपला उपचार कोणत्या खात्यात पडतो ते ठरवा

सहसा बसणारे. मुतखड्याचं लेझर, मूळव्याध-भगंदराचं लेझर, व्हेरिकोज व्हेन्सचं लेझर, प्रोस्टेटचं लेझर. अट दोनच: प्रतीक्षा कालावधी संपलेला हवा आणि उपचाराची गरज कागदावर दिसायला हवी.

प्रोस्टेटचं थोडं वेगळं आहे. ग्रीन लेझर किंवा होल्मियम लेझरने प्रोस्टेट काढणं हे आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) ठरवलेल्या १२ आधुनिक उपचारांच्या यादीत आहे. पॉलिसीला ते सरसकट वगळता येत नाही, पण त्यावर मर्यादा घालता येते. 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत या यादीतल्या उपचारांना विमा रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंतच पैसे मिळतात. म्हणजे ३ लाखांची पॉलिसी असेल तर हिशोब दीड लाख धरून करायचा.

अटीवर बसणारे. चष्म्याचा नंबर घालवण्याचं लेझर (लॅसिक) नंबर ७.५ डायऑप्टरपेक्षा कमी असेल तर जवळपास सगळ्या पॉलिसींत वगळलेलं असतं. ७.५ किंवा त्याहून जास्त असेल तरच पुढे बोलता येतं. मोतीबिंदूत लेझर मशीनचा जादा खर्च आणि भारी लेन्सचा फरक बहुतेकदा आपल्याच खिशातून जातो. आरोग्य संजीवनीत मोतीबिंदूला एका डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यातली कमी रक्कम मिळते.

मधुमेहामुळे खराब झालेल्या पडद्यावरचं लेझर सगळ्यांत जास्त अडकतं. ते थेंब टाकून, खुर्चीवर बसवून होतं आणि पेशंट तासाभरात घरी जातो. मग कंपनी म्हणते, हे ओपीडी आहे. पॉलिसीच्या डे-केअर यादीत (मुक्काम न करता काही तासांत होणारे उपचार) त्याचं नाव आहे का, किंवा वेगळं ओपीडी कव्हर घेतलंय का, यावर सगळं ठरतं.

न बसणारे. केस काढणं, वांग, गोंदण, मुरुमांचे डाग यांसाठीचं त्वचेचं लेझर सौंदर्योपचारात मोडतं. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना हा त्याला अपवाद, आणि आरोग्याला थेट, तातडीचा धोका असेल तर तोही. दातांचं लेझर अपघात सोडला तर बहुधा नाहीच. फिजिओथेरपीत गुडघ्याला किंवा कमरेला देतात ते लेझर ओपीडीत धरलं जातं. मोठ्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तरच ते डिस्चार्जनंतरच्या खर्चात मागून बघता येतं.

> थांबा, तपासा: डॉक्टरांकडून आजाराचं नाव आणि उपचाराचं पूर्ण नाव, दोन्ही स्पष्ट अक्षरांत लिहून घेतलंत का? "लेझर सर्जरी" एवढंच लिहिलेली चिठ्ठी कंपनीच्या दृष्टीने कोरीच असते.

## टप्पा २: पॉलिसीतल्या चार जागा वाचा

चाळीस पानं वाचायची गरज नाही. एजंटला फोन करून "बसतं का?" विचारणं मात्र पुरेसं नाही, तो फोनवर काय म्हणाला याला क्लेमच्या वेळी कुणी विचारत नाही. पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक येतं. ते मराठीतही मागता येतं, मागा. त्यात आणि मूळ पॉलिसीत या जागा बघा.

१. प्रतीक्षा कालावधी. सुरुवातीचे ३० दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही. मुतखडा, मूळव्याध, प्रोस्टेट, व्हेरिकोज व्हेन्स, मोतीबिंदू हे बहुतेक पॉलिसींच्या ठरावीक आजारांच्या यादीत असतात आणि त्यांना साधारण २४ महिने थांबावं लागतं. आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने लावता येतात. तुमची जुनी पॉलिसी "४८ महिने" म्हणत असेल तर नूतनीकरणानंतर काय बदललं ते कंपनीला लेखी विचारा.

२. मर्यादा. आजारानुसार, उपचारानुसार आणि खोलीच्या भाड्यावर.

३. डे-केअरची यादी. भूल देऊन केलेला आणि पूर्वी २४ तासांपेक्षा जास्त ॲडमिट राहावं लागायचं असा उपचार आता काही तासांत होत असेल, तर २४ तासांची अट लागू होत नाही.

४. सह-भरणा. प्रत्येक क्लेममध्ये तुमचा ठरलेला वाटा. आरोग्य संजीवनीत तो ५ टक्के आहे.

> सावधान: "चोवीस तास भरती राहिल्याशिवाय क्लेम होत नाही" हा समज आपल्याकडे फार घट्ट बसलाय. त्यापायी लोक डे-केअरच्या उपचारासाठी उगाच रात्रभर मुक्काम करतात, आणि कंपनी "भरतीची गरज नव्हती" म्हणून खोलीचे पैसे तरी कापते, नाहीतर अख्खा क्लेम अडवते.

बँकेतून खात्यासोबत किंवा कर्जासोबत गळ्यात पडलेली ग्रुप पॉलिसी असेल तर आधी ती चालू आहे का ते बघा. हप्ता खात्यातून कापला जातो. खात्यात पैसे नसले की कापला जात नाही आणि पॉलिसी गुपचूप बंद पडते.

## टप्पा ३: हॉस्पिटल पडताळा

लेझर सेंटरचा बोर्ड कितीही मोठा असो, कंपनीच्या लेखी ते "हॉस्पिटल" किंवा "डे-केअर सेंटर" आहे का, एवढंच महत्त्वाचं. हॉस्पिटलची स्थानिक प्राधिकरणाकडे कायद्याने नोंदणी हवी. तशी नोंदणी नसेल तर किमान अटी बघितल्या जातात: १० लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात १० खाटा, मोठ्या शहरात १५, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, सुसज्ज ऑपरेशन थिएटर, रोजच्या नोंदी. म्हणजे परभणी-हिंगोलीला १० खाटांवर भागतं, संभाजीनगरला १५ लागतात. डे-केअर सेंटरला खाटांची अट नाही, बाकीच्या आहेत. दोन खोल्यांच्या गाळ्यात चालणाऱ्या लेझर क्लिनिककडे ना नोंदणी असते ना थिएटर. तिथे उपचार कितीही चांगला झाला तरी क्लेम उभा राहत नाही.

नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. तो डिस्चार्ज कार्डवर आणि बिलावर छापलेला असावा.

कॅशलेससाठी (म्हणजे कंपनी बिल थेट हॉस्पिटलला देते) कंपनीच्या यादीत हॉस्पिटल शोधताना शहर नव्या आणि जुन्या अशा दोन्ही नावांनी टाका: छत्रपती संभाजीनगर आणि औरंगाबाद, धाराशिव आणि उस्मानाबाद. यादीत हॉस्पिटल नसलं तरी जानेवारी २०२४पासून यादीबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस मागता येतं. ठरवून होणारा उपचार असेल तर किमान ४८ तास आधी कंपनीला कळवायचं आणि हॉस्पिटलची तयारी हवी. लहान शहरांत हॉस्पिटलंच नाही म्हणतात, तेव्हा परताव्याच्या वाटेची, म्हणजे आधी स्वतः भरून नंतर कंपनीकडून मागण्याची, तयारी ठेवूनच जा.

## टप्पा ४: डॉक्टरांचा कागद. खरा क्लेम इथेच ठरतो

या टप्प्याला सगळ्यांत जास्त वेळ द्या.

ओपीडीत डॉक्टर विचारतात, "कधीपासून त्रास आहे?" आणि आपण म्हणतो, "लई दिवसांपासून." सोबतचा पाहुणा भर घालतो, "पाच-सहा वर्षं झाली असतील." डॉक्टर निम्मं ऐकत लिहून टाकतात: "सहा वर्षांपासून त्रास." पॉलिसी तीन वर्षांपूर्वीची असेल तर त्या एका ओळीवर कंपनी म्हणते, आजार आधीपासूनचा होता आणि तुम्ही लपवला. शुगर-बीपीचंही तसंच. "दहा वर्षांपासून मधुमेह" ही ओळ पडद्याच्या लेझरचा क्लेम एका झटक्यात बुडवते.

म्हणून घरून निघण्याआधी तारखा काढा. पहिला त्रास कधी, पहिली सोनोग्राफी कधी, शुगरची गोळी कधी सुरू झाली. जुनी चिठ्ठी सोबत न्या आणि तीच तारीख सांगा. अंदाजाने वाढवू नका, आणि सोयीसाठी कमीही करू नका: खोटी माहिती पुढे जुन्या मेडिकल बिलावरून किंवा रिपोर्टवरून उघडी पडते आणि मग काहीच हातात राहत नाही. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल तर माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. सलग म्हणजे सलग. मध्ये खंड पडला की मोजणी नव्याने.

गरज सिद्ध करणारे रिपोर्ट आजारागणिक वेगळे असतात:

- मुतखडा: सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन, त्यात खडा कुठे आहे आणि किती मिलिमीटरचा ते. ५ मिमीपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात, त्यामुळे लहान खड्याला "ऑपरेशन का?" अशी क्वेरी (कंपनीची लेखी विचारणा) हमखास येते. मूत्रपिंडाला सूज, लघवीचा मार्ग अडलेला, ताप, औषधाने न थांबणारं दुखणं, यांतलं जे असेल ते चिठ्ठीत लिहिलेलं हवं.
- मूळव्याध: ग्रेड. सुरुवातीच्या ग्रेडला औषध आणि पथ्य आधी, हे कंपनीलाही माहीत असतं. काय औषध घेतलं, किती दिवस, गुण का आला नाही, हे लिहून घ्या.
- व्हेरिकोज व्हेन्स: डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), आणि त्यात रक्त उलट फिरत असल्याची नोंद. नुसत्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा असतील तर कंपनी सौंदर्योपचार म्हणून बाजूला टाकते. सूज, जखम, काळी पडलेली कातडी असेल तर फोटोही काढून ठेवा.
- प्रोस्टेट: सोनोग्राफीत ग्रंथीचा आकार आणि लघवीनंतर मागे उरणारं प्रमाण, लघवीच्या धारेची तपासणी, आधी घेतलेल्या गोळ्या.
- डोळ्याचा पडदा: ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन) किंवा पडद्याचे फोटो, कोणत्या डोळ्याला किती बैठका लागणार.
- लॅसिक: दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगवेगळा लिहिलेला, शक्यतो जुन्या चष्म्याच्या कागदासह.

> थांबा, तपासा: आधारवर, पॉलिसीवर आणि हॉस्पिटलच्या पेपरवर नाव एकच आहे का? पॉलिसीत "दत्तात्रय", केसपेपरवर "दत्ता" आणि बिलावर "दत्तराव" झालं की कंपनीसाठी ती तीन माणसं. केसपेपर काढतानाच आधार पुढे करा.

## टप्पा ५: पूर्वमंजुरी

नियोजित उपचार असेल तर कमीत कमी दोन-तीन दिवस आधी इन्शुरन्स डेस्कवर जा. सोबत पॉलिसी किंवा कार्ड, आधार, पॅन, सगळे रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी. पूर्वमंजुरीचा अर्ज डेस्कवाले भरतात, पण सही करण्याआधी तुम्ही वाचा. त्रासाचा कालावधी, उपचाराचं नाव, अंदाजे खर्च, या तीन रकान्यांवर बोट ठेवून वाचा.

मे २०२४च्या आयआरडीएआय परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने १ तासात निर्णय द्यायचा असतो. प्रत्यक्षात क्वेरी आली की वेळ वाढतो, कारण उत्तर डॉक्टरांना लिहावं लागतं आणि डॉक्टर थिएटरमध्ये असतात. म्हणूनच सकाळी ऑपरेशन आणि सकाळीच अर्ज, असं करू नका.

मंजुरीची रक्कम अंदाजापेक्षा कमी आली तर घाबरायचं कारण नाही; सुरुवातीची मंजुरी बहुधा अर्धवटच असते, बिल झाल्यावर वाढवून मागतात. कोणत्या कलमामुळे कमी आली तेवढं डेस्कवर विचारून घ्या.

> सावधान: कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नाही. कागद अपुरे होते, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. पैसे भरून उपचार घ्या आणि परताव्यासाठी अर्ज करा. इथे हार मानणारे लोक फार आहेत, आणि त्यांतल्या अनेकांचा क्लेम खरं तर बसत होता.

## टप्पा ६: ॲडमिट ते डिस्चार्ज

खोली पॉलिसीच्या मर्यादेतच घ्या. समजा मर्यादा दिवसाला ३,००० रुपये आहे आणि तुम्ही ६,०००ची खोली घेतली, तर फक्त ३,००० कापून भागत नाही. हॉस्पिटल खोलीनुसार दर लावत असेल तर सर्जनची फी, थिएटर, भूल हे सगळं त्याच प्रमाणात निम्मं होतं. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यातून वाचतात.

बिलाचं दुखणं आपल्याकडे ठरलेलं: पॅकेज. "लेझर पॅकेज, एकूण अमुक" अशी एका ओळीची पावती कंपनी परत पाठवते. सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, लेझर फायबर किंवा मशीनचा आकार, औषधं, खोली, असं फोडून बिल मागा. "थोडे रोख द्या, बिलात दाखवत नाही" असं कुणी म्हटलं तर ते पैसे गेले असं समजा; पावती नसलेला रुपया कोणतीही कंपनी देत नाही.

डिस्चार्ज कार्ड हातात घेतल्यावर तिथेच उभं राहून वाचा. आजार, उपचार, डाव्या-उजव्या बाजूचा उल्लेख, ॲडमिट आणि डिस्चार्जची वेळ, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, शिक्का. रिपोर्टमध्ये उजवी किडनी आणि कार्डवर डावी, असं झालं तर पेपर महिनाभर फिरत राहतो. अंतिम बिलाच्या मंजुरीसाठी कंपनीला ३ तासांची मुदत आहे; त्यापुढे उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा असतो.

मुतखड्यावाल्यांसाठी एक खास गोष्ट. लेझरनंतर मूत्रनलिकेत स्टेंट (लघवीची वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी) ठेवतात आणि काही आठवड्यांनी तो काढतात. तो काढण्याचं बिल लोक क्लेमला लावतच नाहीत. डिस्चार्ज कार्डवर "स्टेंट ठेवला, अमुक तारखेला काढणे" असं लिहून घ्या. बऱ्याच पॉलिसींत डिस्चार्जनंतर ६० दिवसांपर्यंतचा त्याच आजाराचा खर्च मिळतो. तारीख त्याच्या आत बसवा. पैशांचं सोडा, स्टेंट वेळेत काढणं किडनीसाठीही तितकंच गरजेचं आहे.

## टप्पा ७: परताव्याची फाईल

कॅशलेस नसेल तर कंपनीला कळवणं ॲडमिट होण्याआधी, किंवा तातडी असेल तर ॲडमिट झाल्यापासून २४ तासांत. कळवल्याचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. फाईल देण्याची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते, बहुतेकदा डिस्चार्जनंतर १५ ते ३० दिवस.

फाईल या क्रमाने लावा: क्लेम फॉर्म, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, फोडलेलं बिल आणि नंबर असलेली पावती, औषधाची चिठ्ठी आणि तिच्या लगेच मागे तिचं बिल, तपासणीची चिठ्ठी आणि तिच्या मागे रिपोर्ट आणि बिल, लेन्स किंवा स्टेंटचं स्टिकर, रद्द केलेला चेक. क्लेम १ लाखाच्या वर असेल तर केवायसीचे कागद. चिठ्ठीविना आलेलं मेडिकलचं बिल सरळ कापलं जातं. ॲडमिट होण्याआधीच्या ३० दिवसांतल्या त्याच आजाराच्या तपासण्याही बहुतेक पॉलिसींत मिळतात, त्या विसरू नका.

मूळ कागद देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. फाईल एजंटच्या हाती सोपवून निश्चिंत होऊ नका. पोच तुमच्या नावाने घ्या.

## टप्पा ८: क्लेम नाकारला तर

पत्र हातात आल्याशिवाय काही करू नका. "टीपीएवाले (कंपनीच्या वतीने क्लेमचे कागद हाताळणारी संस्था) नाही म्हणाले" याला किंमत नाही. नकार विमा कंपनीचा हवा, लेखी हवा आणि त्यात पॉलिसीचं कलम हवं. ते कलम उघडून वाचा. "सौंदर्योपचार" म्हटलं असेल तर डॉक्टरांचं गरजेचं पत्र जोडा. "आधीपासूनचा आजार" म्हटलं असेल तर पहिल्या निदानाचा रिपोर्ट. "ओपीडी" म्हटलं असेल तर डे-केअर यादीतली ओळ अधोरेखित करून.

मग हा क्रम:

१. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. मुद्देसूद, एक पान.

२. सोबत आयआरडीएआयच्या विमा भरोसा पोर्टलवर नोंद, किंवा १५५२५५ वर फोन.

३. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटणारं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी. मराठवाड्यासाठी पुण्याचं कार्यालय. तक्रार ऑनलाइन करता येते, फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात.

४. ग्राहक आयोग हा दुसरा रस्ता, प्रत्येक जिल्ह्यात आहे. पण तिथे प्रकरण चालू असताना त्याच वादासाठी लोकपालाकडे जाता येत नाही. आधी लोकपाल हाच क्रम बरा.

## पॉलिसीच नसेल तर

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, आणि आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही. इथे विचारायची पद्धत वेगळी. आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधला योजनेचा मदतनीस) "लेझर होतं का" असं विचारू नका. आजाराचं नाव सांगा आणि "याला कोणतं पॅकेज आहे, या हॉस्पिटलला ते मंजूर आहे का" असं विचारा. पॅकेज उपचाराचं असतं, लेझरने करायचं की दुसऱ्या पद्धतीने हे बऱ्याचदा तिथल्या सोयीवर ठरतं. एकाच योजनेतल्या दोन हॉस्पिटलांपैकी एकात तुमचा आजार बसतो, दुसऱ्यात बसत नाही, कारण मान्यता विभागवार असते. १५५३८८ वर फोन करून जिल्ह्यातली नावं घ्या.

रेशनकार्ड आणि आधार घेऊन नोंदणी उपचाराआधीच करायची. या योजनेत परतावा नाही: आधी पैसे भरले आणि नंतर कार्ड दाखवलं, तर भरलेले पैसे परत मिळत नाहीत.